इंग्रजीचें अध्यापन आणि नवीं साधनें

एखादें नवें पुस्तक परीक्षणासाठीं हातीं आलें म्हणजे परीक्षक तीन प्रश्न विचारतो : ग्रंथकाराचा हेतु काय, त्यानें योजिलेलीं साधनें त्या हेतूस अनुरूप आहेत काय, आणि वाचकाच्या पदरीं शेवटीं काय पडतें. बांधणी, कागद आणि वेष्टन ह्यांविषयीं तो अखेरीस एखादें वाक्य लिहितो. इंग्रजी शिकविण्याचीं जीं नवीं साधनें आज शाळा-कॉलेजांतून भराभर येत आहेत, त्यांचें परीक्षण मात्र नेमकें उलट्या क्रमानें होत असतें. स्मार्ट बोर्ड, प्रोजेक्टर, मोबाइलवरील ॲप, क्यूआर कोड, आणि आतां तर विचारल्या प्रश्नाचें उत्तर सुबक इंग्रजींत लिहून देणारें यंत्र, ह्यांच्या वेष्टनाचीच स्तुति किंवा निंदा इतकी होते कीं, मुलाच्या पदरीं काय पडलें हा प्रश्न विचारण्यास कोणास सवड उरत नाहीं. ज्यांना हीं साधनें आवडतात ते त्यांस कल्पवृक्ष म्हणतात. ज्यांना आवडत नाहींत ते खडू, फळा आणि छडी ह्यांच्या आठवणीनें गहिंवरतात. प्रस्तुत लेखकाचें ह्या दोन्ही पक्षांशीं जमत नाहीं. नव्या मुंबईंतील कॉलेजांत इंग्रजी शिकविण्यांत जवळजवळ तीस वर्षें गेलीं. त्या अवधींत जें पाहिलें, आणि जें स्वतःच्या हातून चुकलें, त्याच्या आधारें ह्या साधनांचें पुस्तकासारखें परीक्षण करावें, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

प्रथम स्थळाविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. कारण अध्यापनाचा विचार अधांतरीं होत नाहीं. १९७० सालीं सिडकोची स्थापना झाली आणि ठाण्याच्या खाडीपलीकडे नवें शहर आंखण्यास आरंभ झाला. १९७३ सालीं खाडीवर पूल झाला; १९९२ सालीं वाशीस आगगाडी आली आणि त्याच वर्षीं महानगरपालिकेचा कारभार सुरू झाला. ज्या जमिनीवर हें शहर उठलें ती आगरी-कोळ्यांची, भातखाचरांची आणि मिठागरांची. १९८० नंतर मुंबईंतील घाऊक बाजार टप्प्याटप्प्यानें इकडे आले आणि त्यांच्या मागोमाग माथाडी कामगारांचीं कुटुंबें कोपरखैरणें, घणसोली ह्या बाजूस स्थिरावलीं. ठाणें-बेलापूर रस्त्यालगत कारखान्यांचा पट्टा होताच. पुढें त्याच्याच शेजारीं संगणक-कंपन्यांच्या कांचेच्या इमारती उभ्या राहिल्या. परिणाम असा कीं, माझ्या वर्गांत एका बाकावर ज्याच्या घरीं जेवतांनाही इंग्रजी बोललें जातें असा मुलगा बसतो, आणि त्याच्या शेजारीं ज्याच्या घरांत पाठ्यपुस्तकावांचून इंग्रजी अक्षर कधीं शिरलें नाहीं असा. दोघांस पुस्तक एकच, परीक्षा एकच, आणि त्या कांचेच्या इमारतीच्या दारांत विचारला जाणारा प्रश्नही एकच.

ह्या दुसऱ्या मुलास इंग्रजी कशास हवें, असें विचारणें हें पोट भरलेल्या माणसाचें तत्त्वज्ञान होय. सावित्रीबाई फुले ह्यांनीं १८५४ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ‘काव्यफुले’ ह्या संग्रहांत इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरला, तो कांहीं शेक्सपिअरच्या रसास्वादासाठीं नव्हे. ज्या घरांची दारें शतकानुशतकें बंद होतीं तीं उघडण्याची ती किल्ली होती. आणि ज्या विष्णुशास्त्र्यांच्या नांवावर ‘वाघिणीचें दूध’ हा शब्द आपण सांगतों, त्यांनीं १८८० सालीं काढलेल्या शाळेचें नांवही न्यू इंग्लिश स्कूल असेंच होतें. तेव्हां इंग्रजी हवें कीं नको हा वाद लोकांनीं आपल्यापुरता केव्हांच निकालांत काढला आहे. उरला प्रश्न तो असा कीं, इंग्रजी देतों असें सांगून आपण मुलांच्या हातीं खरोखर काय देतों?

ह्या प्रश्नास मोठा इतिहास आहे, आणि नव्या साधनांचे भक्त व निंदक दोघेही तो विसरतात. बाळशास्त्री जांभेकरांनीं ६ जानेवारी १८३२ रोजीं ‘दर्पण’ काढलें, त्यांत एका बाजूस इंग्रजी आणि दुसऱ्या बाजूस मराठी असे स्तंभ शेजारीं शेजारीं छापलेले असत. ज्यास एक भाषा येते त्यानें तिच्या आधारें दुसरी वाचावी, अशी ती सोय होती. आजच्या भाषेंत बोलावयाचें तर महाराष्ट्रांतील द्वैभाषिक वर्गाचा तो पहिला फळाच होय. पुढें १८४० नंतरच्या दशकांत मुंबईच्या बोर्ड ऑफ एज्युकेशनमध्यें इंग्रजीच्या बाजूनें सर अर्स्किन पेरी आणि देशी भाषांच्या बाजूनें जगन्नाथ शंकरशेट असा वाद झाला, तो प्रसिद्धच आहे. त्या वादांत शंकरशेटांचें म्हणणें इंग्रजी बुडवावें असें नव्हतें. बहुजनांपर्यंत विद्या पोंचावयाची तर ती त्यांच्या भाषेवांचून पोंचणार नाहीं, असें होतें. ‘दर्पणा’चे ते दोन स्तंभ एकमेकांपासून अलग करण्याचा उद्योग तेव्हांपासून चालू आहे, आणि त्याचें फळ आपण अद्यापि भोगीत आहोंत.

नंतर भाषांतराचें युग आलें. तर्खडकरांची भाषांतर-पाठमाला हातीं न घेतां इंग्रजी शिकलेला मराठी मनुष्य कित्येक पिढ्यांत विरळाच सांपडेल. तिची थट्टा करणें आतां सोपें आहे. त्या पाठमालेंतून बाहेर पडलेल्या पुष्कळ माणसांस साहेबापुढें दोन वाक्यें बोलतांना घाम फुटे, हें खरें. परंतु मराठी वाक्य इंग्रजींत नेतांना मध्यें जी चढण लागते ती त्या मुलास स्वतःच्या पायांनीं चढावी लागे. ‘मला दोन भाऊ आहेत’ ह्यांतील ‘आहेत’ इंग्रजींत गेल्यावर ‘असणें’ राहत नाहीं, ‘जवळ बाळगणें’ होतें. ‘मला भूक लागली’ ह्यांतील भूक मराठींत कर्ता असते आणि इंग्रजींत मी स्वतःच भुकेला होतों. आणि ‘आम्ही जातों’ व ‘आपण जाऊं’ ह्यांत समोरच्यास बाहेर ठेवणें आणि आंत घेणें असा जो भेद आहे, तो इंग्रजीच्या एका ‘वुई’मध्यें नाहींसा होतो. हीं रहस्यें मुलास कोणी व्याख्यान देऊन सांगत नसे. चुकून, खोडून आणि पुन्हां लिहून तीं त्यास कळत. पाठमालेनें डोळा आणि हात तयार केला; कान आणि जीभ मात्र तशीच राहिली. हें तिचें गुण-दोषांचें सरळ माप होय.

कान व जीभ ह्यांची उणीव भरून काढण्यासाठीं प्रत्यक्ष पद्धति आली. वर्गांत मराठीचा शब्द उच्चारावयाचा नाहीं, वस्तु दाखवावयाची आणि तिचें इंग्रजी नांव घ्यावयाचें, असा तिचा दंडक. मग मायकेल वेस्ट ह्यांनीं बंगालमध्यें मोजक्या शब्दांचीं वाचनमाला-पुस्तकें सिद्ध केलीं; स्वातंत्र्यानंतर वाक्यरचनांचे साचे घोटविण्याची पद्धति आली; १९७९ ते १९८४ ह्या अवधींत प्रा. प्रभु ह्यांनीं दक्षिणेंतील शाळांतून व्याकरणाचे धडे बाजूस ठेवून नकाशे, वेळापत्रकें आणि कोडीं सोडविण्याच्या मिषानें इंग्रजी शिकविण्याचा प्रयोग केला. आणि ह्या सर्व लाटांखालीं रेन आणि मार्टिन ह्यांचें व्याकरण खडकासारखें स्थिर राहिलें. त्यांतील रेनसाहेब मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यांत कांहीं वर्षें होते, आणि इंग्लंडांत त्यांची कीर्ति आहे ती मात्र कादंबरीकार म्हणून, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. ह्यांपैकीं प्रत्येक पद्धतीनें मागल्या पद्धतीस चूक ठरविलें, आणि प्रत्येक पद्धति अखेर एकाच ठिकाणीं अडली : वर्गांत उभ्या राहणाऱ्या मास्तरांचें स्वतःचें इंग्रजी.

ही अडचण २००० सालीं एकदम उघडी पडली. त्या वर्षीं महाराष्ट्र सरकारनें मराठी शाळांतूनही पहिलीपासून इंग्रजी सुरू केलें. त्यापूर्वीं तें साधारणपणें पांचवीपासून असे. शिक्षणमंत्री रामकृष्ण मोरे ह्यांच्या ह्या निर्णयावर त्या वेळीं पुष्कळ टीका झाली. हेतु न्यायाचा होता : जें श्रीमंताच्या मुलास बालवर्गापासून मिळतें तें गरिबाच्या मुलास दहाव्या वर्षापर्यंत कां मिळूं नये? परंतु एका निर्णयानें हजारों अशा शिक्षकांवर हें काम पडलें कीं, ज्यांनीं स्वतः इंग्रजी डोळ्यांनीं शिकलें होतें आणि ज्यांस तें आतां कानांनीं शिकवावयाचें होतें. नव्या साधनांचा खरा जन्म येथें आहे. ज्या मास्तरांस उच्चार येत नाहीं त्यांस उच्चार पुरविणारें कांहींतरी पाहिजे होतें. ही गरज खरी होती व आहे, हें मान्य करूनच पुढें जाणें न्याय्य होईल.

आतां साधनांकडे वळूं. परीक्षणासाठीं एखादी कसोटी हवी, आणि ती मला माझ्या लहानपणच्या विहिरींत सांपडली. आमच्याकडे पोहावयास शिकणाऱ्या मुलाच्या पाठीस वाळलेला भोपळा बांधीत. भोपळा त्यास बुडूं देत नसे. परंतु हातपाय त्यानेंच मारावयाचे असत. नाकातोंडांत पाणी जाण्याचें भय भोपळा दूर करी, पोहण्याचे श्रम दूर करीत नसे. भाषेच्या शिक्षणांतही श्रम दोन प्रकारचे असतात. कांहीं श्रम नुसते आडवे येणारे. ते वांचले तर चांगलेंच. कांहीं श्रम म्हणजेच शिक्षण. ते वांचले तर सारेंच बुडालें. ज्या साधनानें पहिले श्रम वांचतात तो भोपळा. ज्यानें दुसरे वांचतात तो विहिरींत आपल्याऐवजीं उडी घेणारा भाडोत्री गडी. गडी किती सुंदर पोहतो हें कांठावर बसून पाहणाऱ्यास पोहतां येत नाहीं.

ह्या कसोटीस पहिल्यानें उतरतात तीं ध्वनीचीं साधनें. पुण्याच्या सेंटर फॉर लर्निंग रिसोर्सेस ह्या संस्थेनें ‘वी लर्न इंग्लिश’ हा श्राव्य कार्यक्रम केला, त्यांतील कल्पना साधी होती : आवाज प्रश्न विचारतो, थांबतो, आणि त्या विरामांत वर्गांतील मुलांनीं उत्तर द्यावयाचें. ज्या खेड्यांत पडदा नाहीं, इंटरनेट नाहीं, तेथेंही हें चालतें. मुलाचे श्रम तसेच राहतात, किंबहुना वाढतात. उणीव भरून निघते ती फक्त मास्तरांच्या उच्चाराची. २०२० सालीं करोनाच्या सांथीनें शाळा बंद पडल्या तेव्हां सह्याद्रि वाहिनीवरून ‘टिलीमिली’ ही मालिका दाखविण्यांत आली. ज्या घरीं मोबाइल एक आणि मुलें तीन, अशा घरांतूनही ती पोंचूं शकली, हें तिचें श्रेय लहान नाहीं. गूगल कंपनीनें २०१९ सालीं ‘बोलो’ ह्या नांवानें आणलेलें आणि पुढें ‘रीड अलाँग’ झालेलें ॲप मुलाचें मोठ्यानें वाचन ऐकतें आणि अडलेला शब्द उच्चारून दाखवितें. त्यांत मराठीही आहे. साठ मुलांच्या वर्गांत एकेकाचें वाचन ऐकण्यास मास्तरांस वेळ कोठून मिळणार? तो वेळ असें ॲप देऊं शकतें, आणि चुकल्यावर हंसत नाहीं. लाजाळू मुलास ह्याची किंमत किती आहे तें लाजाळू मुलासच विचारावें.

परंतु ध्वनि दिला म्हणजे समज दिली असें होत नाहीं. शब्दामागून शब्द बिनचूक उच्चारून शाबासकी मिळविणारा मुलगा त्या वाक्याचा अर्थ शून्य समजलेला असूं शकतो. शिवाय मराठी मुलाच्या कानास नेमकें कोठें अडतें हें परदेशीं घडलेल्या साधनास ठाऊक नसतें. इंग्रजींतील दोन वेगळ्या ध्वनींस आमच्याकडे एकच ‘व’. इंग्रजी शब्दांत एका अवयवावर जो जोर पडतो तो आम्ही सगळीकडे सारखा वाटून देतों, म्हणून ‘फोटोग्राफ’ आणि ‘फोटोग्राफर’ ह्यांत आघात जागा बदलतो हें आमच्या कानांवरून निसटतें. येथें मराठीच मराठी मुलाच्या मदतीस येते. ‘चमचा’ आणि ‘चहा’ ह्यांतील ‘च’ लिहितांना एक, पण बोलतांना दोन, हें त्यास कोणीं न शिकवितां ठाऊक असतें. एक अक्षर आणि दोन ध्वनि हा प्रकार केवळ इंग्रजीचा वेडेपणा नव्हे, आपल्या घरींही तो आहे, एवढें एकदां दाखविलें कीं इंग्रजी स्पेलिंगचें अर्धें भय जातें. हें दाखविण्यास पडदा लागत नाहीं. दोन्ही भाषांवर प्रेम करणारा मास्तर लागतो.

दुसरा वर्ग दृश्य साधनांचा. त्याविषयीं माझें मत तितकें अनुकूल नाहीं. एका शाळेंत मीं पाहुणा म्हणून गेलों असतांना मला मोठ्या अभिमानानें स्मार्ट बोर्ड दाखविण्यांत आला. त्यावर एक चित्रफीत लागली, मुलें टक लावून बसलीं, आणि ती संपल्यावर त्यांपैकीं एकासही तिच्यांतील एक वाक्य सांगतां आलें नाहीं. बोर्ड बंद झाल्यावर त्यावर पुन्हां मखमली आच्छादन घालण्यांत आलें. परंतु दुसऱ्यांस कशाला हंसावें? मीं स्वतः कित्येक वर्षें पीपीटी करून शिकविलें. पूर्वीं मी फळ्यावर लिही तेव्हां मुलें लिहीत. मी अडलों कीं तींही थांबत, आणि त्या थांबण्यांत एखादा प्रश्न येई. पडद्यावर तयार मजकूर येऊं लागल्यावर त्यांनीं वह्या मिटल्या आणि मोबाइलनें पडद्याचीं छायाचित्रें काढण्यास आरंभ केला. छायाचित्र घेतलें म्हणजे ज्ञान घेतलें असा त्यांचा समज झाला, आणि पडदा दाखविला म्हणजे शिकविलें असा माझा.

ह्याच सदरांत क्यूआर कोडचें उदाहरण घेण्यासारखें आहे. सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यांतील परितेवाडी येथील जिल्हा परिषदेचे शिक्षक रणजितसिंह डिसले ह्यांनीं पाठ्यपुस्तकांत असे कोड घालून मुलांस कविता ऐकण्याची व पाठ पाहण्याची सोय केली. २०२० च्या डिसेंबरांत त्यांस दहा लाख डॉलरांचें जागतिक शिक्षक पारितोषिक मिळालें, आणि त्याचा अर्धा भाग त्यांनीं अंतिम फेरींतील इतर नऊ शिक्षकांस वाटून दिला. आज बालभारतीच्या पुस्तकांवर ते काळे-पांढरे चौकोन सर्वत्र दिसतात. पण चौकोन सर्वत्र गेला म्हणून परितेवाडी सर्वत्र गेली नाहीं. परितेवाडीस चौकोनाच्या मागें एक मनुष्य होता, आणि आपल्या मुलांस कोठें अडतें तें त्यास ठाऊक होतें. साधन छापतां येतें. ही ओळख छापतां येत नाहीं.

जे लोक मास्तरांस अजिबात वगळूं पाहतात त्यांच्या पक्षाचें सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे १९९९ सालीं सुगत मित्र ह्यांनीं दिल्लीच्या कालकाजी भागांत भिंतींत बसविलेला संगणक. झोपडपट्टींतील मुलें कोणीं न शिकवितां तो चालवूं लागलीं, आणि मुलें आपापलीं शिकतात हा सिद्धांत जगभर गाजला. त्या मुलांच्या बुद्धीविषयीं आम्हांस शंका नाहीं, सिद्धांताविषयीं आहे. यंत्र चालविणें आणि भाषा येणें ह्या दोन गोष्टी आहेत. भाषा ही कोणाशीं तरी बोलावी लागते, आणि आपण बोललेलें त्यास कळलें कीं नाहीं तें त्याच्या मुद्रेवर वाचावें लागतें. ह्याच्या उलट उदाहरण आमच्या फलटणचें आहे. अमेरिकेंत जन्मलेल्या भाषाशास्त्रज्ञ मॅक्सीन बर्नसन ह्यांनीं तेथें प्रगत शिक्षण संस्था स्थापिली. तिची कमला निंबकर बालभवन ही शाळा मराठी माध्यमाची. जिची स्वतःची मातृभाषा इंग्रजी, त्या बाईनें फलटणच्या मुलांस प्रथम मराठी नीट वाचतां-लिहितां यावें ह्यासाठीं आयुष्य वेंचिलें, ह्या एका गोष्टींत आमच्या इंग्रजी माध्यमाच्या वेडास पुरेसें उत्तर आहे.

आतां तिसरा आणि आजचा प्रश्न. २०२२ च्या नोव्हेंबरांत चॅटजीपीटी लोकांपुढें आलें, आणि त्यानंतर दोन वर्षांच्या आंत माझ्या विद्यार्थ्यांच्या निबंधांतून चुका नाहींशा झाल्या. ‘आय ॲम नोइंग’ गेलें, गाळलेलीं ‘ए’ आणि ‘द’ हीं उपपदें परत आलीं. ज्या चुकांशीं मी तीस वर्षें झगडलों त्या एका ऋतूंत मावळल्या. आनंद व्हावयास पाहिजे होता. झाली ती भीति. येथें मला स्वतःच्या एका अपराधाची हकीकत सांगितली पाहिजे.

दुसऱ्या वर्षाच्या वर्गास मीं ‘माझ्या घरांतील एक काम’ ह्या विषयावर इंग्रजी निबंध सांगितला होता. घणसोलीकडून येणाऱ्या, महापालिकेच्या मराठी शाळेंत शिकलेल्या एका मुलीनें आपल्या वडिलांच्या माथाडी कामावर लिहिलें. निबंध निर्दोष होता, गुळगुळीत होता, आणि वर्गांत जिला सरळ एक वाक्य बोलतां येत नसे तिचा तो नव्हता. मीं तिला भर वर्गांत उभें केलें आणि त्याच विषयावर इंग्रजींत चार वाक्यें बोलावयास सांगितलें. ती मान खालीं घालून उभी राहिली. मीं निबंध परत केला आणि प्रामाणिकपणावर एक लहानसें प्रवचन दिलें. तें ऐकतांना मागच्या बाकांवर जीं मुलें हंसलीं, त्यांचेही निबंध त्याच यंत्रानें लिहिले होते, हें मला पुढें कळलें. त्यांना बोलतां येत होतें, एवढाच भेद.

दुसऱ्या दिवशीं ती स्टाफरूमच्या दारांत आली. ‘सर, एवढें फक्त बघा,’ असें म्हणून तिनें एक वही टेबलावर ठेविली. वहींत चार पानें मराठी होतीं, खोडलेलीं, पुन्हां लिहिलेलीं. कांद्याचें पोतें पाठीवर येतांक्षणीं त्याचें वजन वडिलांस कसें कळतें. पावसांत गोणपाट भिजलें म्हणजे तेंच पोतें किती जड होतें. घरीं आल्यावर ते बोलत नाहींत, नुसते अंग टाकतात. हें सर्व तिचें होतें. यंत्रास तिनें फक्त इंग्रजी करावयास सांगितलें होतें. आणि यंत्रानें काय केलें होतें? ‘अंग टाकतात’ ह्याचें ‘विश्रांति घेतात’ अशा अर्थाचें सभ्य इंग्रजी केलें होतें. विश्रांति साहेब घेतो, आणि हमाल अंग टाकतो. त्या दोहोंमध्यें जें अंतर आहे त्यांत त्या मुलीचे वडील होते, आणि भाषांतरांत नेमके तेच गळले होते.

आम्ही दोघें तासभर कोश घेऊन बसलों. तिनें पुष्कळ शब्द नाकारले आणि अखेर एक अगदीं लहान शब्द स्वतः सांपडविला : ‘ही ड्रॉप्स.’ व्याकरणास तो पुरेसा, आणि वडिलांस शोभणारा. पुढच्या तासास मीं वर्गाची व तिची क्षमा मागितली. मग तिनें तेवढी दोन वाक्यें वाचून दाखविलीं, अडखळत, पण आपलीं. त्या दिवशीं कोणी हंसलें नाहीं.

ह्या प्रसंगापासून मी जें शिकलों तें असें. मीं तिच्यावर चोरीचा आरोप केला. वास्तविक लुबाडली गेली होती ती. विचार तिचा होता, अनुभव तिचा होता. मराठींतून इंग्रजींत जाण्याची जी चढण, तेवढीच यंत्रानें तिच्याकडून काढून घेतली, आणि शिक्षण होतें तें सगळें त्या चढणींत होतें. आणि ही लूट सर्वांची सारखी होत नाहीं, हें विसरतां कामा नये. ज्याच्या घरीं इंग्रजी आहे त्याचा निबंध यंत्रानें लिहिला तरी त्याची जीभ त्यास घरीं मिळतेच. जिला वर्गाबाहेर इंग्रजी कोठेंच मिळणार नाहीं, तिचा एकुलता एक सराव यंत्र खाऊन टाकतें. वरकरणीं दोघांच्या उत्तरपत्रिका सारख्या दिसतात. कांचेच्या इमारतीच्या दारांत मात्र एक आंत जातो आणि दुसरी परत येते. समानतेचें हें सोंग विषमतेपेक्षां वाईट, कारण विषमता निदान दिसते तरी.

कोणी म्हणेल, ‘हिशेबाचें यंत्र आलें तेव्हांही पाढे बुडाले अशी हाकाटी झाली होती, काळाबरोबर चालावें.’ आक्षेप विचार करण्याजोगा आहे. परंतु हिशेबाचें उत्तर कोणीं काढलें ह्यास महत्त्व नसतें. सात पंचे पस्तीस कोणाचेही असोत, पस्तीसच. वाक्य तसें नाहीं. वाक्य कोणाचें आहे ह्यावर तें काय आहे हें अवलंबून असतें. दुसरें कोणी म्हणेल, ‘मग हें यंत्र वर्गाबाहेर काढा.’ तेंही माझ्या हातीं नाहीं, आणि असतें तरी मीं काढलें नसतें. ज्या मुलीस प्रश्न विचारावयास घरीं कोणी नाहीं, तिला रात्रीं अकरा वाजतां न कंटाळतां व्याकरण समजावणारें कांहीं मिळालें, तर तें हिरावून घेणारे आम्ही कोण?

म्हणून मीं आपल्यापुरता एक क्रम ठरविला आहे. तो मोठा नवा आहे असें नाहीं. विद्यार्थ्यानें प्रथम वर्गांत, हातानें, आपल्या मराठींत लिहावें. मग त्यानेंच त्याचें इंग्रजी करावें. कितीही मोडकें असो, तें त्याचें असावें. त्यानंतर यंत्रास तेंच मराठी देऊन त्याचें इंग्रजी शेजारीं ठेवावें, अगदीं ‘दर्पणा’च्या स्तंभांप्रमाणें, आणि तीन प्रश्नांचीं उत्तरें तोंडीं द्यावींत : यंत्रानें माझी कोणती चूक दुरुस्त केली, त्याचें कारण काय, आणि माझ्या मराठींतलें काय त्याच्या हातून निसटलें? पहिल्या दोन प्रश्नांत यंत्र गुरु असतें, तिसऱ्यांत विद्यार्थी. हा तिसरा प्रश्न विचारल्यापासून माझ्या वर्गांतील मराठी शाळेंतलीं मुलें प्रथमच ताठ बसूं लागलीं आहेत. कारण त्याचें उत्तर त्यांनाच अधिक चांगलें येतें. गुण मीं तोंडी उत्तरांस अधिक देतों. ह्या रीतीनें महिन्यास चार निबंधांच्या जागीं एकच होतो, आणि नेमलेलें पुस्तक मागें राहतें, हा तिचा दोष मी लपवीत नाहीं.

परीक्षणाचा समारोप करावयाचा तर असा करावा लागेल. ध्वनीचीं साधनें आमच्या शाळांची जुनी उणीव भरून काढतात. त्यांचें स्वागत असो. दृश्य साधनें मास्तर चांगला असेल तर चांगलीं, नाहीं तर तीं आच्छादनाखालींच बरीं. लिहून देणारें यंत्र हें आतांपर्यंतचें सर्वांत समर्थ आणि म्हणूनच सर्वांत जपून वापरावयाचें साधन होय. शेवटीं आलें तर तें शिक्षक, आधीं आलें तर मुलाच्या तोंडचा घांस घेणारें. आणि ह्या तिहींच्या मुळाशीं मुलाची स्वतःची भाषा भक्कम असली पाहिजे, नाहीं तर यंत्रास काय निसटलें हें त्यास कधींच कळणार नाहीं. जे आईबाप मुलास इंग्रजी यावें म्हणून घरांतील मराठी बंद करतात, त्यांनीं एवढें ध्यानांत घ्यावें कीं, त्या मुलीस ‘ड्रॉप्स’ हा शब्द इंग्रजीनें दिला नाहीं. तिच्यापाशीं ‘अंग टाकणें’ होतें, म्हणून तो तिला सांपडला.